पावडर कोट केलेल्या रायफल गोळीसाठी शिसं किती कडक हवं?

तुमचा प्रश्न असा: .३०८ विंचेस्टरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, नळीचा पीळ दहा इंचांत एक फेरा. गोळी ओतायचा साचा १६५ ग्रेनचा (सुमारे १०.७ ग्रॅम), गॅस चेकवाला, म्हणजे गोळीच्या बुडाला धातूची छोटी टोपी बसते असा. हाताशी टायरच्या दुकानातून आणलेली व्हील वेट्स (चाकाचा तोल साधायची वजनं), त्यात क्लिपवाली आणि चिकटवायची दोन्ही, शिवाय १० किलो लायनोटाइप, म्हणजे छापखान्यातला खिळ्यांचा धातू. रंगाची पॉलिएस्टर पावडर गोळ्यांना डब्यात हलवून लावता आणि टोस्टर ओव्हनमध्ये भाजता, हाच पावडर कोट. वेग २,००० फूट प्रति सेकंदापर्यंत न्यायचाय, मुख्यतः कागदावर आणि टेक्ससमध्ये आहात म्हणून अधूनमधून रानडुकरावर. एक जण म्हणतो रायफलला ब्रिनेल (धातूच्या कडकपणाचं माप) २० च्या खाली जायचंच नाही. दुसरा म्हणतो पावडर कोट असला की कडकपणा विसरा. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धंच. पण त्याआधी एक खुलासा. हे सगळं अमेरिकेतली परिस्थिती धरून लिहितोय. तिथे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला फेडरल परवाना लागत नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ मुळे दारूगोळा बनवणं हा परवान्याशिवाय करायचा छंद नाही. इकडच्या वाचकांनी हे धातुशास्त्र म्हणून वाचावं.

आता ‘२० च्या खाली नको’ हा सल्ला येतो कुठून ते बघू. कोटिंग नव्हतं तेव्हा गोळी आणि नळी यांच्यामध्ये मेणासारखं वंगण असायचं, बाकी उघडं शिसं. दाब धातूच्या ताकदीपलीकडे गेला की गोळीचा बुड दबतो, कडेनं गरम वायू निसटतो, शिसं वितळून नळीला चढतं. त्यावरून एक ठोकताळा रूढ झाला: ब्रिनेल आकड्याला १,४२२ नं गुणा, तेवढ्या पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबापर्यंत तो धातू टिकतो. १२ कडकपणाला हा हिशोब साधारण १७,००० देतो. .३०८ मध्ये ओतीव गोळीला २,००० फुटांपर्यंत न्यायचं तर दाब सहज ३०,००० च्या आसपास पोचतो, म्हणजे हिशोबानं ब्रिनेल २१ हवा. सल्ल्याचं मूळ हे.

पावडर कोटनं या हिशोबातला एक मोठा भाग निकालात काढला. भाजलेलं पॉलिएस्टर हे वंगण नाही, ती गोळीभोवतीची पातळ, चिवट कातडी आहे. वायू आणि शिसं यांचा थेट संबंध येत नाही, शिशाचा नळीच्या पोलादाशीही येत नाही. म्हणून १२ च्या धातूच्या कोटेड गोळ्या त्या ठोकताळ्याच्या दुप्पट दाबानं मारूनही नळी स्वच्छ राहते. इथवर ‘कडकपणा विसरा’ म्हणणारा बरोबर आहे.

तो चुकतो तो पुढे. कातडी जाड नाही, व्यासावर दोन-तीन हजारांश इंच एवढीच. आतलं शिसं मऊ असेल तर कातडी त्याला आकारात धरून ठेवू शकत नाही. २,००० फूट वेग आणि १:१० पीळ म्हणजे नळीतून बाहेर पडताना गोळी मिनिटाला १,४४,००० फेरे घेत असते (वेग गुणिले ७२०, भागिले पिळाचे इंच). या फिरण्याची सुरुवात रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळाच्या, उंचवट्यांना पहिल्या इंचभर प्रवासातच करून द्यावी लागते. धातू मऊ असला की गोळी आधी सरळ घसरते आणि मग वळते. नाकाचा भाग एका बाजूला दबतो. नळी चकाचक, पण ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) पाच इंचांचा. हा दोष कोटिंगनं झाकला जातो, म्हणून लोक महिनोन्‌महिने पावडरचे ब्रँड बदलत बसतात.

म्हणजे खरा प्रश्न असा उरतो: नळीत शिसं चढेल का हा नाही, तर तुमच्या पिळाला आणि वेगाला आकार टिकवण्यापुरता धातू कडक आहे का, आणि पलीकडे डुक्कर असेल तर तो ठिसूळ तर नाही ना. याचं उत्तर रायफलीवर अवलंबून आहे. .३००  ब्लॅकआउटमध्ये १,०५० फुटांच्या सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू) गोळीला ८ ते १० चा धातूही पुरतो. ४५-७० मध्ये पीळच २० इंचांना एक, तिथे वीस भाग शिसं आणि एक भाग कथील मजेत चालतं. ३०-३० मध्ये पीळ १२ इंचांचा, १,८०० फुटांना १२ ठीक. उलट .२२३ मध्ये २,४०० फूट आणि १:७ पीळ म्हणजे जवळजवळ अडीच लाख फेरे. तिथे कडक धातूशिवाय भागत नाही आणि तरीही तो प्रकार डोकेदुखीचा. तुमची .३०८ या दोन टोकांच्या अधेमधे बसते. माझ्या मते १,८०० पर्यंत ११-१२ पुरे, २,००० च्या घरात १५ ते १८ ची जागा.

कडकपणाच्या आधी माप बघा. हे लिहिताना मला नेहमी वाटतं की लोक हा परिच्छेद गाळतात. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढा आणि मायक्रोमीटरनं त्यावरून नळीच्या खोबणीचा (उंचवट्यांमधल्या खाचांचा) व्यास मोजा. .३०८ आला तर कोट करून साइझ केलेली (डाय म्हणजे ठरावीक मापाच्या भोकातून दाबून काढलेली) गोळी .३०९ किंवा .३१० हवी. कमी व्यासाच्या गोळीला कितीही कडक धातू वाचवत नाही. साच्यातून .३०९ येत असेल तर कोटनंतर ती .३११-.३१२ होईल, ती .३०९ वर आणायला हरकत नाही. पण एका फटक्यात चार हजारांशपेक्षा जास्त दाबलं तर डाय कोट खरवडतो. शिवाय कोट नाकावरही चढतो. बोर-रायडिंग नाकाच्या (नाक उंचवट्यांवर टेकतं अशा) साच्याची गोळी कोटनंतर चेंबरमध्ये अडकू शकते. अशा वेळी काडतूस थोडं खोल बसवावं लागतं किंवा साचाच बदलावा लागतो, धातू बदलून उपयोग नाही.

आता धातू. चिकटवायची वजनं जवळजवळ शुद्ध शिसं, ब्रिनेल ५-६. क्लिपवाली म्हणजे साधारण अर्धा टक्का कथील, दोन-तीन टक्के अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक, ब्रिनेल ११-१२. लायनोटाइप म्हणजे ४ टक्के कथील, १२ टक्के अँटिमनी, उरलेलं शिसं, ब्रिनेल २२. तुमच्या ढिगातला हा सोन्याचा डबा, जपून वापरा. (जुन्या मराठी छापखान्यांतल्या हातजुळणीच्या खिळ्यांतही हेच तीन धातू असत, फक्त अँटिमनी याहून जास्त.) वर्षानुवर्षं परत परत वितळवलेल्या लायनोटाइपमधलं कथील मळीबरोबर थोडं गेलेलं असतं, तेव्हा ४ टक्के हा आकडा वरची मर्यादा समजा.

मिश्रणाचा अंदाज घ्यायला एक सूत्र वापरतात: ८.६ अधिक कथिलाच्या टक्क्याला ०.२९, अधिक अँटिमनीच्या टक्क्याला ०.९२. लक्षात घ्या, शुद्ध शिशाला हे सूत्र ८.६ देतं, प्रत्यक्षात ते ५ असतं. म्हणजे मऊ टोकाला ते खोटं बोलतं. दोन टक्के अँटिमनीच्या पुढे मात्र कामाचं आहे.

त्या हिशोबानं एक भाग लायनोटाइप आणि तीन भाग मऊ शिसं घेतलं की १ टक्का कथील, ३ टक्के अँटिमनी, ब्रिनेल साडेअकराच्या आसपास. म्हणजे तुम्ही क्लिपवाली वजनंच घरी बनवलीत. निम्मं-निम्मं केलंत तर २ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी, ज्याला बाजारात हार्डबॉल म्हणतात, ब्रिनेल १५-१६. पहिल्या प्रमाणात १० किलो लायनोटाइपचे ४० किलो होतात, म्हणजे १६५ ग्रेनच्या साडेतीन हजारांवर गोळ्या. दुसऱ्यात फक्त २० किलो. मी पहिला रस्ता धरेन, कारण वरचा कडकपणा फुकट मिळतो. कसा, ते पुढे.

त्याआधी कथिलाचं सांगतो. कथील कडकपणासाठी घालू नका, त्या कामाला ते महाग आणि कमजोर. ते साचा नीट भरावा म्हणून असतं, दोन टक्क्यांपुढे फारसा फायदा नाही. कल्हईवाल्याच्या हातातलं तेच हे कथील. घरात ते ९५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनीच्या प्लंबिंग सोल्डरमधून मिळतं. ४.५ किलो क्लिपवाल्या वजनांत अशा सोल्डरचे ७० ग्रॅम घातले की कथील दोन टक्क्यांवर येतं. दुकानात सोल्डर विकत घेताना पाठीवरचा मजकूर वाचा, तांब्या-चांदीची सोल्डरंही त्याच रांगेत असतात. आणि जुनं शिसं-कथील सोल्डर मूठमूठ घालत बसू नका. कथील फार वाढलं की त्या धातूचा काही भाग १८३ अंश सेल्सिअसलाच वितळू लागतो. तुमचा ओव्हन २०० ला असतो. गोळ्या ट्रेवर वाकतात आणि खापर पावडरवर फुटतं.

जस्ताची वजनं निवडून बाजूला काढा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत शिशाच्या व्हील वेट्सवर बंदी आली तेव्हापासून ढिगात लोखंड आणि जस्त वाढलंय. पक्कडीनं दाबून बघा: शिशावर खूण उमटते, जस्तावर नाही. राहून गेलं तरी चालतं, कारण शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि जस्त ४१९ ला. कच्चा माल वितळवताना भांडं ३७० च्या वर जाऊ देऊ नका. जस्त वर तरंगतं, झाऱ्यानं काढून टाका. एकदा ते विरघळलं की धातू लापशीसारखा होतो आणि साचा भरत नाही. भांड्यात ओलं वजन टाकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. एक थेंब पाणी शिशाखाली गेलं की वाफ होऊन सगळं छतावर जातं.

आता ज्या गोष्टीमुळे तुमचा प्रश्न सुटतो ती. पावडर भाजायला २०० अंश सेल्सिअस, म्हणजे ४०० फॅरनहाइट, वीस मिनिटं लागतात. हे तापमान अँटिमनी असलेल्या शिशासाठी उष्णोपचाराचंच आहे. लोहार पोलादाला पाणी देतो तसं शिशालाही देता येतं, फक्त दोन अटींवर: त्यात अँटिमनी हवी आणि थोडं आर्सेनिक असेल तर फार बरं. निव्वळ शिसं-कथिलावर याचा परिणाम होत नाही.

ओव्हन बंद करून ट्रे तसाच हवेत थंड होऊ दिलात तर क्लिपवाल्या वजनांचा धातू ११-१२ वर राहतो. त्याच गोळ्या ओव्हनमधून काढल्या-काढल्या, दोन-चार सेकंदांत, थंड पाण्यात टाकल्यात तर काही दिवसांनी त्या १६ ते २० च्या दरम्यान जातात. एकाच भांड्यातला धातू, दोन कडकपणा. कागदासाठी पाण्यातल्या, डुकरासाठी हवेतल्या. यासाठी गोळ्या जाळीच्या टोपलीत भाजा, म्हणजे टोपलीच बादलीत उतरवता येते. ट्रेवरून चिमट्यानं एकेक उचलत बसलात तर शेवटची गोळी तोवर निवते आणि त्याच बॅचमध्ये कडक-मऊ दोन्ही निघतात. बादली ओतकामाच्या भांड्यापासून लांब, शक्यतो वेगळ्या टेबलावर.

इथे चार ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, साच्यातून थेट पाण्यात टाकून गोळ्या कडक करायच्या, मग कोट करून भाजायच्या आणि हवेत थंड करायच्या. त्या वीस मिनिटांत पाण्यानं मिळवलेला कडकपणा निघून जातो आणि पुन्हा ११-१२. साच्यातल्या पाण्याचा त्रास घेऊच नका, पाणी शेवटी ओव्हनलाच द्यायचंय. दोन थर लावत असाल तर पहिल्या भाजणीनंतर पाणी वाया जातं, ते फक्त शेवटच्या भाजणीनंतर.

दुसरं, लगेच मोजणं. पोलाद पाण्यातून निघताक्षणी कडक असतं. शिसं तेव्हा उलट मऊ असतं, कडकपणा तासातासानं चढतो. त्याच दिवशी मोजलेला आकडा म्हणजे काहीच नाही. एक आठवडा ठेवून मोजा. याचा फायदाही घ्या: साइझिंग पाण्यातून काढल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत उरका. अँटिमनीचं शिसं दाबलं की पोलादासारखं कडक न होता मऊ पडतं, त्यामुळे आठवडाभर मुरलेली गोळी साइझ केली तर नेमका नळीला लागणारा पृष्ठभागच मऊ करून बसाल.

तिसरं, ओव्हनचा काटा. टोस्टर ओव्हनची थर्मोस्टॅट वीस-तीस अंश इकडेतिकडे सहज झुलते. लायनोटाइप २४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे लायनोटाइपजवळच्या मिश्रणाला फारशी जागा उरत नाही. ओव्हनमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायची तार) टाका आणि वीस मिनिटं गोळ्या तापल्यापासून मोजा, दार बंद केल्यापासून नाही. दोन किलो गोळ्या २०० ला पोचायलाच दहा मिनिटं घेतात. कच्चा भाजलेला कोट हातोडीनं ओळखता येतो: गोळी ऐरणीवर चपटी करा, कोट शिशाबरोबर पसरला तर उत्तम, पापुद्रे सुटले तर कच्चा. हा ओव्हन स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही, कधीच.

चौथं, गॅस चेक. कोटनंतर बुडाची खाच जाड होते आणि चेक तिरका बसतो. तिरका चेक ग्रुप बिघडवतो आणि दोष धातूला दिला जातो. म्हणून चेक आधी .३१० च्या डायमधून बसवून घ्या, मग कोट, भाजणी, पाणी आणि शेवटी .३०९. १,७००-१,८०० च्या खाली कोटेड गोळी चेकशिवायही चालू शकते, पण तुमचा साचा चेकचा आहे, ती खाच रिकामी ठेवू नका.

मुद्दाम सांगतो, लायनोटाइप आणि मऊ शिशाच्या मिश्रणात आर्सेनिक नाही, म्हणून ते पाण्याला कमी आणि सावकाश दाद देतं. त्यात एक-चतुर्थांश क्लिपवाली वजनं मिसळलीत की तेवढं आर्सेनिक पुरतं. म्हणजे माझा पहिला घाणा असा: तीन भाग चिकटवायची वजनं, दोन भाग क्लिपवाली, एक भाग लायनोटाइप. हे साधारण १ टक्का कथील आणि ३ टक्क्यांच्या आसपास अँटिमनी. कथील सोल्डरनं दोन टक्क्यांपर्यंत आणा. भांडं ढवळून, लाकडाच्या भुशानं फ्लक्स करून (मळ धातूपासून सुटा करून), वरची मळी काढून एकदम सगळं ओता. पाच भांड्यांत पाच वेगळे धातू झाले की पुढच्या सगळ्या चाचण्या निरर्थक.

डुकराबद्दल. तिथे कडकपणा शत्रू आहे. लायनोटाइपजवळची गोळी हाडावर फुटते किंवा सुईसारखी आरपार जाते. हवेत थंड केलेली, ११ च्या आसपासची, चपट्या नाकाची गोळी १,८०० च्या खाली ठेवून मारा, शंभर यार्डांच्या आत. कथील आणि अँटिमनी एकमेकांच्या जवळ असले की धातू फुटण्याऐवजी पसरतो, म्हणून इथे ते दोन टक्के कथील दुप्पट कामाचं. आणि पाण्यातल्या-हवेतल्या गोळ्यांचा नेम एकच धरू नका, दोन्हींसाठी दुर्बिणीचा नेम स्वतंत्र जुळवा (झिरो करा). वेगवेगळ्या रंगाची पावडर वापरलीत तर डब्यांची अदलाबदल होणार नाही. शिकारीला नेण्याआधी राज्याचे नियमही बघा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

मोजायचं कसं? कडकपणा मोजायचं यंत्र घेतलंत (५/३२ इंचाचा गोळा, ६० पौंड, ३० सेकंद) तर आधी गोळीवर कानशीनं सपाट जागा करून कोट काढा, नाहीतर पॉलिएस्टरचा कडकपणा मोजाल. यंत्र नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिली चालतात. चांगल्या कंपनीचा संच घ्या, टोक सपाट घासा, ४५ अंशांत ढकला. जी पेन्सिल पहिल्यांदा शिसं कापते तिच्याहून एक पायरी मऊ पेन्सिलीचा आकडा धरा. २बी म्हणजे ११-१२, एचबी म्हणजे १४-१५, एच म्हणजे २०-२२. एक-दोन आकड्यांची चूक राहते, पण हवेतली आणि पाण्यातली गोळी यांतला फरक स्पष्ट दिसतो.

शेवटचा निवाडा मात्र आकडा करत नाही, वापरलेली गोळी करते. दारूचं माप छापील मॅन्युअलमधून, ओतीव गोळीच्या तक्त्यातून, खालच्या टोकापासून. वेग शंभर-शंभर फुटांनी वाढवत पाच-पाच गोळ्या मारा. कुठल्यातरी वेगाला ग्रुप अचानक फाकतो. त्या वेगाची आणि त्याच्या खालची एक गोळी ओल्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यात अडवा आणि खुणा भिंगाखाली बघा. उंचवट्यांच्या खुणा पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतील तर गोळी घसरतेय, कडकपणा वाढवा. खुणा स्वच्छ पण कडांवर कोट फाटलेला असेल तर भाजणी किंवा व्यास बघा. बुडाजवळ एका बाजूला वायूनं कापलेली खाच असेल तर गोळी नळीला बारीक आहे. आणि खुणाही ठीक, कोटही ठीक, तरी ग्रुप फाकत असेल तर धातूला सोडा आणि मुकाट शंभर फुटांनी खाली या. १:१० पिळात ते बऱ्याचदा एकमेव उत्तर असतं.

हात धुण्याचं सगळ्यांना माहीत आहे, पण धोका वाफेपेक्षा मळीच्या बारीक धुळीचा जास्त. मळी झाकणाच्या डब्यात, ओतकामाचे कपडे वेगळे धुवा, घरात लहान मुलं असतील तर ते बूट उंबऱ्याबाहेर. सीडीसीनं (अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था) मुलांच्या रक्तातल्या शिशाचा संदर्भ आकडा २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणला, तो इतका लहान आहे की बुटाच्या तळव्यावरची धूळही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

खोबणीचा व्यास आणि कोटनंतरचं गोळीच्या नाकाचं माप, हे दोन आकडे मोजून कळवा. डाय .३०९ ची घ्यायची की .३१० ची ते त्यावरून ठरेल, आणि ते ठरेपर्यंत लायनोटाइपला हात लावू नका.